स्वरज्ञान

स्वरज्ञान : कानावर पडलेला स्वर ओळखता येणे आणि सांगितलेला स्वर गळ्यातून नेमका काढता येणे. हिंदुस्थानी संगीतात ही ओळख सर्वस्वी षड्जावर अवलंबून असते. गायक गळ्याला झेपेल ती पट्टी धरतो. पुरुषांची बहुधा काळी एक-दोनच्या, स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास. सा ठरला की उरलेले अकरा स्वर (सहा शुद्ध, चार कोमल आणि तीव्र मध्यम) त्याच्यापासूनच्या अंतराने ठरतात. त्यामुळे पेटीची कुठलीही पट्टी दाबून ‘हा कोणता स्वर?’ असे विचारण्यात अर्थ नसतो. आधी सा द्यावा लागतो. मूर्च्छनेने हे चटकन पटते. भूपाचे सा रे ग प ध तसेच ठेवून त्यातल्या गंधाराला सा मानले तर मालकंसाचे स्वर मिळतात, पंचमाला मानले तर दुर्गाचे.

कान तयार होतो तो तंबोऱ्यावर. एरवीच्या मिळवणीत पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. घोडीवरचा दोरा सरकवून जवारी नीट लावली, तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो. हा स्वयंभू गंधार म्हणजे तारेच्या पाचपट कंपनांचा उपस्वर. मधल्या सप्तकात आणला की षड्जाशी त्याचे नाते ५:४ असे भरते. समान अर्धस्वरांत लावलेल्या पेटीचा गंधार याहून सुमारे १४ सेंट चढा असतो (असा एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). पंचमात हाच फरक जेमतेम २ सेंट. पेटीमुळे नवख्याला स्वर लवकर सापडतो हे खरे, पण गंधार-धैवतासाठी तिच्यावर विसंबू नये. मींड तर तिच्यात निघतच नाही. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात पेटीला मज्जाव होता, त्यामागे असेच आक्षेप होते.

तालमीची सुरुवात शुद्ध स्वरांच्या अलंकारांनी होते : सारेग, रेगम, गमप. हेच पलटे पुढे आकारात म्हणायचे. स्वरांची नावे सुटली की कच्चेपणा तिथे लगेच उघडा पडतो. मग साप, साम, साग अशा उड्या. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम बहुतेकांना उशिरा वश होतात.

लेखी बाजूची घडी मुख्यतः वि. ना. भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बसवली. दहा थाट त्यांचेच. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहेत. त्यांतला शास्त्राचा पेपर पाठांतरावरही निभावतो. स्वर ओळखायला सांगितल्यावर पाठांतर कामाला येत नाही.

स्वरज्ञान म्हणजे रागज्ञान नव्हे. भूप आणि देसकार यांचे पाचही स्वर तेच. भूप गंधाराभोवती फिरतो, देसकार धैवताला धरून वरच्या अंगाने चालतो. हे कळायला बंदिशीच ऐकाव्या लागतात.