धूळपाटी ते यंत्रमानव : गोमंतकातील शाळा, यंत्र आणि भाषा



यंत्र म्हणजे काय, हे मुळगावच्या माणसाला सांगण्याचे प्रयोजन नाही. डिचोली तालुक्याने कित्येक वर्षे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग पाहिली. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा यंत्र बंद पडले की चूल कशी अडते, हेही पाहिले. परंतु आज ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे ते डोंगर फोडणारे नव्हे. ते मुलांच्या बाकावर बसू पाहत आहे. गोवा सरकारने २०२१ साली 'केअर्स' नावाची योजना आणली. तिच्यानुसार सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना कोडिंग आणि रोबोटिक्स, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहिणे आणि त्या आज्ञेने हलणारी उपकरणे जुळविणे, शिकवावयाचे ठरले. योजना स्वागतार्ह आहे. मी इतिहासाच्या वाटेने एवढेच विचारणार आहे की, यंत्र वर्गात येते त्या वेळी मुलाची भाषा कोठे असते?

आधी 'रोबो' या शब्दाविषयी. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. मराठीत आपण 'यंत्रमानव' असा भारदस्त शब्द केला. 'वेठ्या' म्हटले असते तर मुलांना त्या यंत्राची योग्यता अधिक नेमकेपणाने कळली असती!

गोमंतकात विद्येचे पहिले मोठे यंत्र आले ते १५५६ साली. पोर्तुगालहून निघालेला छापखाना जावयाचा होता अबिसीनियाला. तो गोव्यात राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. हिंदुस्थानातील हा पहिला छापखाना. पुढे १६१६ साली राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. काव्य मराठी, पण लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आणि १६८४ साली तर पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला. यंत्र हाताशी होते, जनतेची बोली होती, परंतु तिची अक्षरे यंत्रात नव्हती. ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या इतिहासाची नांदी वाटते.

पेडणे, डिचोली, सत्तरी हा नव्या काबिजादीचा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे येथे मराठी शिक्षणाची परंपरा तुलनेने अभंग राहिली. देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर शेणवीमामांची शाळा भरे. साधन कोणते? धूळपाटी. फळीवर धूळ पसरावी, बोटाने 'श्री' काढावा, चुकला तर तळहाताने पुसावा. आपण या साधनाला गरिबीचे लक्षण समजतो. पण १७८७ साली मद्रासेस आलेल्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले आणि आपल्या अनाथशाळेत तीच पद्धत आणली. शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्याने एका लहान मुलालाच इतरांना शिकवावयास बसविले. १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धती' विलायतेत पसरली. शालेय तंत्राची निर्यात येथून तिकडे झाली होती, हे रोबोटिक्सच्या वर्गात एकदा तरी सांगावे.

मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ पासून, भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. खडू, फळा आणि दगडी पाटी, एवढ्या सामग्रीवर एक पिढी शिकली. संगणक आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. देशपातळीवर १९८४ साली 'क्लास' हा प्रकल्प बीबीसी मायक्रो संगणकांनिशी सुरू झाला होता. गोव्यात परदेशस्थ गोमंतकीयांनी जुने संगणक मिळवून शाळांना धाडले आणि त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालविण्याचा उद्योग केला. या उद्योगाची नोंद आपल्या शैक्षणिक इतिहासात व्हावयास हवी तितकी झालेली नाही.

आता मूळ विषय. मुलाने यंत्राकडून शिकावे की यंत्राला शिकवावे, हा प्रश्न सिमोर पेपर्ट यांनी मांडला. जिनिव्हात पियाजे यांच्यासमवेत काम केलेल्या या गणितज्ञाने १९६७ साली सहकाऱ्यांसह 'लोगो' ही मुलांची संगणकभाषा सिद्ध केली. पुढे तिला जोडून आले एक यांत्रिक कासव. ते जमिनीवर चाले आणि पोटातील लेखणीने रेघ ओढी. 'पुढे शंभर, उजवीकडे नव्वद' ही आज्ञा चार वेळा दिली की चौकोन उमटतो. आज्ञा चुकली तर कासव भलतीकडे जाते. मूल हसते, पुसते आणि पुन्हा लिहिते. धूळपाटीचेच हे वंशज. अंश म्हणजे काय, हे मुलाला स्वतःच्या अंगाने वळून कळते. मात्र 'उजवीकडे' हा शब्द ज्या भाषेत रक्तात असतो, त्या भाषेतच हे सहज घडते.

आणि येथेच आपल्या व्यवस्थेची अडचण आहे. गोव्यात प्राथमिक चार इयत्ता मराठी वा कोकणीतून आणि पाचवीपासून बहुतेक सर्वत्र इंग्रजीतून, अशी रचना रुळली. १९९० साली प्राथमिक अनुदान देशी भाषांपुरते ठेवण्याचे धोरण आले; २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले. तेव्हापासून पट घटून गावोगावच्या सरकारी मराठी शाळा बंद होत आल्या आहेत. म्हणजे यंत्र सहावीत येते, तोवर मराठी वर्गाबाहेर गेलेली असते. आणि ज्या चार वर्षांत मराठी वर्गात असते, तेथे यंत्र पोचत नाही. पालकांचा निष्कर्ष मग सरळ असतो : मराठी भूतकाळाची, यंत्र इंग्रजीचे. त्यांना दोष देऊन काय होणार?

१६१६ साली खिळे नव्हते, ही सबब खरी होती. आज संगणकाला देवनागरी येते. तिसरीच्या वर्गाला एक साधे चालणारे यंत्र, फरशीवर खडूची चौकट, आणि 'पुढे', 'मागे', 'वळ', 'थांब' या चार आज्ञा मराठीत, एवढ्यावर आरंभ करता येईल. शब्द शिक्षकांनीच ठरवावेत. परिभाषा समितीची वाट पाहू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आज येथे बसले आहेत, त्यांना ते यंत्र जुळविण्यास एखादा रविवार पुरेल.