रसांजन

दारुहळद आमच्या बोरीच्या रानात उगवत नाही. ती हिमालयातली काटेरी झुडुपं. पण तिचा काढा दुधात आटवून केलेलं काळपट रसांजन काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. हकीम त्यालाच रसौत म्हणतात. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, तेव्हा वैद्य आणि हकीम दोन्ही ओळखीचे.

डोळे आले की रसांजन, हे किती जुनं असावं? पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरायडीस 'लायकियन' नावाचं डोळ्याचं औषध सांगतो आणि वर भारतातलं सर्वांत चांगलं म्हणतो! ते हेच, असं जॉन फोर्ब्स रॉयलने 1833 मध्ये मांडलं.

गंमत पुढेच आहे. चरकाने प्रमेहावर सांगितलेल्या एका काढ्यातही दारुहळद आहे. सोबत देवदार, त्रिफळा, नागरमोथा. म्हणजे डोळ्याला बाहेरून आणि मधुमेहाला पोटातून, झाड एकच. पण मधुमेह डोळा आतून पोखरतो हे तेव्हा दिसणार कसं? जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघायचं यंत्र हेल्महोल्ट्झने केलं 1851 मध्ये. मग काही वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेह्याच्या पडद्यावरचे बदल नोंदवले.

आता पोटाकडे. दारुहळदीतलं पिवळं द्रव्य, बर्बेरीन, रक्तात फारच थोडं उतरतं. चीनमध्ये ते जुलाबावरचं औषध. 1988 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं की त्याने साखरही उतरते. कशी? 2015 च्या एका संशोधनात दिसलं की आतड्यातले जिवाणू त्याचं रूप पालटतात, ते रूप शोषलं जातं आणि आतड्याच्या भिंतीत पुन्हा बर्बेरीन होतं. चरकाच्या काढ्याला असे अदृश्य मदतनीस होते तर...

मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. कारण आपल्यातली निम्मी मंडळी "काढा चालू आहे" म्हणत गोळ्या सोडतात. बर्बेरीन पडदा वाचवतं, याला आधार मुख्यतः उंदरांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांचा. माणसांतलं पक्कं म्हणजे 1998 चा ब्रिटनमधला मोठा अभ्यास: साखर काटेकोर ठेवलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार 25 टक्क्यांनी कमी, आणि त्यात मोठा वाटा पडद्यावर लेसर कमी लागण्याचा.

पडदा बिघडताना दुखत नाही, सुरुवातीला दिसतंही नीट. म्हणून काका-मावशींनो, काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणाला तरी न्या. मोटारसायकल घरीच ठेवा.