नाण्यांची झीज व वरवंट्याचें बारसें

बाजारांत हातीं आलेलें नाणें खरें कीं खोटें, एवढेंच मनुष्य पाहतो. छाप फारच पुसट झाला असेल तर क्षणभर कुरकुरतो आणि तें खिशांत टाकतो. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांस त्या पुसटपणांतच इतिहासाचें एक साधन दिसलें.

कोसंबी हे व्यवसायानें गणिती. पालि व बौद्ध वाङ्मयाचे विख्यात पंडित धर्मानंद कोसंबी ह्यांचे ते चिरंजीव. जन्म १९०७ सालीं गोमंतकांत. शिक्षण अमेरिकेंत, हार्वर्ड विद्यापीठांत. १९२९ सालीं तेथील पदवी घेऊन ते स्वदेशीं परतले आणि १९३३ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवूं लागले. १९४४ सालीं त्यांनीं मांडलेलें एक सूत्र आनुवंशिकीच्या अभ्यासकांस आजही त्यांच्याच नांवानें परिचित आहे. संख्याशास्त्र शिकावयाचें तर नुसतीं सूत्रें घोकून उपयोग नाहीं, एखादा खराखुरा प्रश्न सोडवावयास घेतला पाहिजे, असें त्यांस वाटे. म्हणून प्रथम त्यांनीं विद्यार्थ्यांच्या परीक्षेचे गुणच तपासावयास घेतले! पुढें त्यांची दृष्टि तक्षशिलेच्या नाण्यांकडे वळली.

तक्षशिलेच्या भीर टेकाडांत १९२४ सालीं रुप्याच्या आहत नाण्यांचा मोठा ठेवा सांपडला होता. नाणीं हजाराहून अधिक; सोबत अलेक्झांडरचीं दोन नाणीं, जणूं टांकसाळींतून नुकतींच बाहेर पडलेलीं. आहत नाण्यावर राजाचें नांव नसतें, सालही नसतें. एका बाजूस सूर्य, चक्र इत्यादि पांच चिन्हें ठोकलेलीं असतात. दुसऱ्या बाजूस बारीक खुणा, कोठें एक-दोन, कोठें पुष्कळ, कोठें मुळींच नाहींत. ह्या चिन्हांचा अर्थ लावण्यांत विद्वान् मंडळी गुंतलेली होती. कोसंबींनीं अर्थाचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवला व नाण्यांच्या वजनांचे आंकडे पुढें घेतले. तेव्हां असें दिसून आलें कीं, मागील बाजूच्या खुणा जसजशा वाढतात तसतसें नाण्यांचें सरासरी वजन नियमानें उतरत जातें. म्हणजे ह्या खुणा एकाच वेळीं उमटविलेल्या नव्हत. नाणें हातोहात फिरत असतां तें पारखणाऱ्यांनीं वेळोवेळीं केलेल्या त्या नोंदी होत, असें अनुमान त्यांनीं काढलें.

परंतु झीज अशी नियमानें होते हें कशावरून? एखादें नाणें सावकाराच्या हंड्यांत वीस वर्षें निजून राहतें. दुसरें रोज दहा हातांतून जातें. एका नाण्यावरून त्याचें वय सांगूं जाणें हा शुद्ध मूर्खपणा होय. ह्या शंकेचें उत्तर कोसंबींनीं ग्रंथांत शोधलें नाहीं. आपल्या काळीं चलनांत असलेल्या, म्हणजे वर्ष छापलेलें असल्यामुळें ज्यांचें वय निश्चित ठाऊक आहे अशा नाण्यांचीं वजनें त्यांनीं तपासलीं. समूहाचा हिशेब घेतला म्हणजे एकेका नाण्याची लहर त्यांत विरून जाते. जितकीं वर्षें अधिक तितकी सरासरी घट अधिक, आणि त्याबरोबरच नाण्या-नाण्यांच्या वजनांतील तफावतही अधिक. १९४२ सालीं हा विचार त्यांनीं 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. ही घट करणारे हात कोणाचे? वाणी, गाडीवान, विणकर, शिपाई, भाजीवाल्या; कोणत्याही बखरींत ज्यांचें नांव नाहीं असे हे लोक. देवघेव करतां करतां प्रत्येकानें कणभर रुपें झिजविलें, आणि त्या कणांच्या हिशेबावरून कोणतें नाणें आधींचें व कोणतें नंतरचें हें ठरवितां येऊं लागलें.

हा प्रकार त्या काळच्या कित्येकांस पोरकटपणाचा वाटला असल्यास नवल नाहीं. इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी, ही समजूत फार खोल रुजलेली होती. १९५६ सालच्या आपल्या इतिहासग्रंथांत कोसंबींनीं तिच्यावर सरळ घाव घातला. लोकांच्या राजाचें नांव कळण्यापेक्षां त्या लोकांजवळ नांगर होता कीं नव्हता हें कळणें त्यांस अधिक महत्त्वाचें वाटे.

हीच दृष्टि घेऊन ते पुण्याच्या आसपास पायीं हिंडले. टेकड्यांवर फिरावयास जाणारे लोक हवा खाऊन परत येतात. कोसंबी परत येत ते अश्मयुगीन माणसाचीं बारीक दगडी हत्यारें घेऊन. जेथें अशीं हत्यारें मिळतात त्याच वाटांवर शेंदूर फासलेले देवींचे तांदळे कां असतात, हा प्रश्न त्यांनीं धनगरांस, गांवकऱ्यांस व वाटसरूंस विचारला, आणि त्याचें उत्तर १९६२ सालच्या 'मिथ अँड रिअॅलिटी' ह्या पुस्तकांत मांडलें. जुन्या भटकंतीच्या वाटा, व्यापाराचे मार्ग आणि देवींचीं ठाणीं हीं एकमेकांशीं निगडित आहेत असें त्यांचें म्हणणें.

त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढील अभ्यासकांनीं स्वीकारले असें नाहीं. नाण्यांवरून विशिष्ट राजांपर्यंत जाण्याची त्यांची उडी पुष्कळांस लांब वाटली, व ती लांब आहेही. शिवाय आजच्या रूढीवरून थेट अश्मयुगांत पोहोंचावयाचें तर मधल्या हजारों वर्षांचे पुरावे पाहिजेत. ते दर वेळीं मिळत नाहींत. लेखणी तिखट असल्यामुळें विरोधकही त्यांनीं भरपूर जोडले. पण वजनाचा काटा कोणाची भीड धरीत नाहीं, आणि झिजेच्या नियमाला त्या तिखटपणानें कांहीं बाध येत नाहीं.

त्यांनीं दाखविलेलें एक उदाहरण तर महाराष्ट्रांतील घराघरांतलें आहे. बारशाच्या दिवशीं बायका वरवंट्यास टोपडें घालून तान्ह्या मुलासारखा नटवितात, पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातीं देतात आणि मग पाळण्यांत ठेवतात. येथें भटजी नाहीं, मंत्र नाहीं. सगळा कारभार बायकांचा. पाट्यासारख्या दगडावर धान्य रगडण्याची रीत नांगराहूनही जुनी आहे, तेव्हां हा विधि त्या काळाचा अवशेष असावा, असें कोसंबींस वाटलें. हजारों बारशांत हजारों विद्वान् पेढे खाऊन गेले असतील. वरवंटा पाळण्यांत कां, हें विचारावयास एक गणिती यावा लागला.

१९६६ सालीं पुण्यांत कोसंबी निवर्तले. त्यानंतर शहरांतल्या स्वयंपाकघरांत विजेचें यंत्र आलें आणि पाटा बाल्कनींत गेला. बारसें ठरलें कीं मात्र शेजारीं विचारणा होते, तुमच्याकडे वरवंटा आहे का हो?