दोंदाचा इतिहास

मराठीत ‘दोंद’ हा शब्द निव्वळ निंदेचा नाही. लंबोदराची आपण पूजा करतो आणि खात्यापित्या घरचा माणूस त्याच्या पोटावरून ओळखतो. आमच्या लहानपणी, आजचा जोयडा तालुका सुपे या नावाने ओळखला जाई त्या काळी, असे पोट सावकाराला, दुकानदाराला, फार तर एखाद्या मामलेदाराला असे. कुणब्याच्या अंगावर ते आम्ही पाहिल्याचे स्मरत नाही. आज ते वाडीवाडीत दिसते आणि आम्हांसही आहे. हे घडले कसे, त्याचा हा थोडा मागोवा.

या डोंगरात पूर्वी कुमरी शेती चाले. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत नाचणी पेरायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वनखात्याने कुमरीवर निर्बंध घातले. तरीही नाचणी, थोडा भात आणि परसातली कणगरे, करांदे, सुरण यांवर वर्ष निघे. त्यातला प्रत्येक घास कुदळीने खणून, डोक्यावर वाहून आणि जात्यावर दळून मिळवलेला असे. पुढे काळी नदीवर सुपे धरण उभे राहिले. ते 1987 साली पूर्ण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. विस्थापितांतले कित्येक रामनगरला वसले. धरणामुळे पोटे वाढली असे आम्ही म्हणणार नाही. पण खणायची जमीन गेली, आणि रोजगार, बाजार व रेशनचा तांदूळ यांवर घर चालू लागले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तरी नुसत्या बैठ्या जीवनाने उत्तर पुरे होत नाही. आमच्या लोकांचे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, असे का? फ्रान्समधील मार्सेचे डॉ. जाँ वाग यांनी 1947 मध्येच दाखविले होते की, चरबी किती यापेक्षा ती कोठे साठते हे महत्त्वाचे. पोटावरची चरबी मधुमेहाच्या वाटेवर नेते. आपल्याकडचा धागा पुण्यात सापडला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी फार उणी, पण त्वचेखालच्या चरबीत तितकी उणी नव्हती. शिवाय ज्या माता गरोदरपणी शेतात आणि पाणी वाहण्यात अधिक राबत, त्यांची बाळे लहान भरत. ज्या पालेभाज्या अधिक खात, त्यांची मोठी. 2004 मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

म्हणजे पोट सुटण्याची तयारी आईच्या उपासमारीतच होऊन बसलेली असते. मग खुर्ची, मोटारसायकल, गोड चहा, दारू, वाढते वय आणि अपुरी झोप त्या तयारीला येऊन मिळतात. आम्ही सरकारी नोकरीत तीसहून अधिक वर्षे फायलींसमोर बसलो, ती चूक आमचीच. पण आमच्याहून अधिक राबलेल्याला आमच्याइतकेच पोट असेल, तर त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

स्त्रियांची गोष्ट याहून बिकट. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर, स्त्रियांसाठी 80 धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कमर प्रथमच मोजली गेली, तेव्हा या मापाने सुमारे 40 टक्के स्त्रिया आणि 12 टक्के पुरुष मर्यादेपलीकडे निघाले. जाते गेले, विहीर गेली, ते बरेच झाले. पण त्या श्रमाच्या जागी बाईला दुसरे काही मिळाले नाही. पुरुष संध्याकाळी रस्त्यावर फेरी मारू शकतो. आमच्या पत्नीने पहाटे फिरायला सुरुवात केली, तेव्हा शेजारणीने हळूच विचारले होते, ‘‘घरात काही बिनसलंय का वहिनी?’’