आधी चित्र, मग अक्षर

१ मे १९८१ला जालना जिल्हा झाला. त्याआधी जालना आणि पैठण एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथींची जुनी चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. चित्रकथी एकेक पान दाखवत गोष्ट सांगायचा. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पण त्यावाचून कुणाचं महाभारत अडलं नाही.

छापील कॉमिक्स आली तेव्हा मात्र मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कॉमिक्समुळे मुलांचं वाचन बिघडतं, असा आरोप अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४मध्ये केला. दहा वर्षांनी इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाली आणि वेताळ मराठी बोलू लागला. मग १९६७मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ काढली. १९७८मध्ये शालेय शिक्षणातल्या चित्रकथेच्या भूमिकेवर दिल्लीत परिसंवाद झाला. चोरून वाचायची वस्तू वर्गाच्या दारापर्यंत आली.

पण ज्याला वाचताच येत नाही, त्या मुलाला तोवर एकच नाव होतं: ‘ढ’. १९९६मध्ये महाराष्ट्रानं अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती दिल्या, त्याही देशात पहिल्यांदा. २००७च्या ‘तारे जमीन पर’नं डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात नेला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ही अक्षमता यादीत घेतली. मात्र सवलतीनं परीक्षा सोपी होते, वाचन येत नाही. ते वर्गातच शिकवावं लागतं.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला गोष्ट सहसा समजते. अडतं ते अक्षर आणि आवाज जोडताना. त्यात ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. रफार, जोडाक्षरं आणखी दमवतात. पानभर मजकुरात असं मूल दोन ओळींत अडखळतं आणि गोष्टच हातून सुटते. कॉमिक्सच्या चौकटीत एक प्रसंग आणि फुग्यात चार शब्द असतात. शब्द अडला तरी चित्र गोष्ट धरून ठेवतं.

फुग्यात बोलीलाही जागा असते. जालन्याचं पोरगं ‘काय करत आहेस?’ म्हणत नाही, ‘काय करायलास?’ म्हणतं. तोंडातला शब्द कागदावर दिसला की तो ओळखणं सोपं जातं. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात बालवाडीचं पुस्तक द्यायची वेळ येत नाही. तो अपमान पुस्तकापासून कायमचा तोडू शकतो.

धोका एकच आहे. हुशार मूल चित्रावरून गोष्ट ओळखतं आणि अक्षराकडे बघतच नाही. म्हणून आधी फुगा झाकून अंदाज विचारायचा, मग वाचून तो पडताळायचा, शेवटी रिकामा फुगा त्यालाच भरायला द्यायचा. अक्षर-आवाजाचा रोजचा सराव तरीही चुकत नाही. कॉमिक्स त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

चित्रकथीनं निरक्षरांपर्यंत गोष्ट पोचवली, पण पान स्वतःच्याच हातात ठेवलं. विशेष शिक्षकाला ते पान मुलाच्या हातात द्यायचं आहे. त्यासाठी महागडं साहित्यही लागत नाही. चार चौकटी आखलेला कोरा कागद पुरतो.