दमास्कसचा पाथरवट गुरु

इ. स. १३२६ च्या रमजान महिन्यांत दमास्कस येथील उमय्यद मशिदींत बुखारीच्या हदीससंग्रहाचें वाचन चौदा बैठकींत पुरें झालें. वाचक होता अलमुद्दीन बिर्झाली, त्या काळचा नामांकित इतिहासकार. आणि श्रोत्यांत मोरोक्कोहून निघालेला बावीस वर्षांचा प्रवासी इब्न बतूता असल्याचें त्याच्याच प्रवासवृत्तांत नमूद आहे. परंतु ज्याच्यासमोर हें वाचन चाललें होतें, तो गुरु ना पंडित होता ना काझी. त्याचें नांव अहमद बिन अबी तालिब. लोक त्यास 'हज्जार' म्हणजे पाथरवट म्हणत. वय शंभरीच्या घरांत. ग्रंथाचें विवरण करण्याइतकें पांडित्य त्याच्यापाशीं नव्हतें. मग शहरांतील विद्वान त्याच्यापुढें कां बसले?

याचें उत्तर 'सनद' या शब्दांत आहे. मराठी दफ्तरांतून हा शब्द राजाज्ञेच्या अर्थानें परिचित आहे; हदीसच्या अभ्यासांत मात्र सनद म्हणजे पैगंबरांचें वचन कोणीं कोणापासून ऐकलें याची अखंड मालिका. ही मालिका जितकी तोकडी तितकी ती मोलाची, कारण दुवे थोडे तर चुकीस वावही थोडा. बुखारी इ. स. ८७० मध्यें वारला. त्याच्यापासून फिरबरीनें, फिरबरीपासून सरख्सीनें, त्याच्यापासून दाऊदीनें, पुढें अबुल् वक्तानें, त्याच्यापासून बगदादच्या झबीदीनें आणि झबीदीपासून बाल हज्जारानें हा ग्रंथ ऐकला. सुमारें साडेचारशें वर्षांचें अंतर, आणि मध्यें अवघीं पांच माणसें! वृद्ध गुरूपाशीं लहान मुलांस बसविण्याची जी चाल त्या समाजांत होती, तिचें रहस्य हेंच.

अशा बैठकींत एक लेखक उपस्थितांचीं नांवें ग्रंथाच्या पानांवर टिपून ठेवी. ही टिपणी म्हणजे निव्वळ हजेरीपट नव्हे. पांच वर्षांखालील बालक 'उपस्थित' म्हणून लिहिलें जाई. त्याहून मोठ्यानें 'श्रवण केलें' असें मानीत. कोणी उशिरां आला, कोणाचा कोणता भाग चुकला, कोणास डुलकी लागली, हेंही नोंदण्याची चाल होती. डुलकीसुद्धां कागदावर यावी, इतकी त्या लोकांस प्रामाण्याची चाड! या याद्यांत पंडितांच्या जोडीनें कारागीर येतात, दास येतात, बापाबरोबर आलेल्या मुली येतात. त्यांतल्या कित्येक मुली वार्धक्यांत स्वतः गुरुपदास चढल्या. झबीदीपाशींच ऐकलेली सित्तुल् वुझरा ही दमास्कस व कैरो येथें बुखारी शिकवीत असे; ती नव्वदी उलटून १३१६ मध्यें वारली.

हज्जाराचें श्रवण हिजरी ६३० मध्यें, म्हणजे इ. स. १२३२-३३ च्या सुमारास, कासियून डोंगराच्या उतारावर झालें. तेथील सालिहिया हा पेठेसारखा भाग १२व्या शतकांत फ्रँक लोकांच्या अमलाखालून नाब्लुसकडून पळून आलेल्या हनबली कुटुंबांनीं वसविलेला. निर्वासितांच्या या वस्तींत मशिदी, मदरसे व ग्रंथसंग्रह उभे राहिले. पण १३०० सालीं गाझानच्या मोंगल फौजेनें दमास्कस घेतलें, तेव्हां सर्वांत अधिक लूट झाली ती सालिहियाचीच.

त्या संहारांतूनही एक जुनी यादी वांचली होती. हज्जार आपला दगडाचा धंदा करून सामान्य माणसासारखा जगत होता. विद्वानांस त्याची दखल नव्हती. हिजरी ७०६, म्हणजे इ. स. १३०६-०७ मध्यें, झबीदीच्या श्रोत्यांच्या यादींत त्याचें नांव सांपडलें, आणि हदीसज्ञांस मोठा आनंद झाला. झबीदीचे इतर बहुतेक श्रोते तोंवर कालवश झाले होते. एका नोंदीनें त्या म्हाताऱ्याचें आयुष्य पालटलें. पुढें बुखारीचें वाचन त्याच्यासमोर साठांहून अधिक वेळां झालें. सुलतान नासिरानें त्यास कैरोस बोलावून आपल्या हातानें वस्त्र पांघरलें. इतिहासकार इब्न कसीरही त्याच्यापाशीं बसला होता, आणि म्हाताऱ्याचीं ज्ञानेंद्रियें शेवटपर्यंत शाबूत होतीं अशी ग्वाही तो देतो.

हिजरी ७३० च्या सफर महिन्यांत, इ. स. १३२९ च्या डिसेंबरांत, हज्जार निवर्तला. त्यापूर्वीं थोडेच दिवस, त्याच महिन्याच्या ९ तारखेस, दमास्कसच्या मोठ्या मशिदींत त्याच्यासमोर बुखारीचें वाचन झालें होतें. कासियूनवरील त्या श्रवणास तेव्हां शंभर हिजरी वर्षें झालीं होतीं.