पारितोषिक आणि पाठबळ : पदवी पातळीवरील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळालेल्या साहाय्याचा इतिहास (दांडी, ता. पालघर या गावाच्या संदर्भात)

प्रास्ताविक

पदवी वर्गातील विद्यार्थ्याने संशोधन करावे, अशी अपेक्षा शासन निर्णयांतून आणि विद्यापीठाच्या परिपत्रकांतून वारंवार व्यक्त होते. अपेक्षा स्तुत्य आहे. परंतु संशोधनाला लागणारा पैसा विद्यार्थ्याच्या हाती केव्हा यावा, कामाच्या आरंभी की शेवटी, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. काम पुरे झाल्यावर मिळते ते पारितोषिक आणि काम सुरू करण्यासाठी मिळते ते पाठबळ, असा भेद येथे केला आहे. या दोन्ही प्रकारच्या साहाय्याचा महाराष्ट्रातील इतिहास पाहून, दांडीसारख्या किनाऱ्यावरील गावातून बी.ए.ला राज्यशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दक्षिणा : दान, बक्षीस आणि फेलोशिप

विद्याभ्यासासाठी राज्याने पैसा देण्याची आपल्याकडील ठळक परंपरा म्हणजे दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालविली. १८१८ साली पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने ती मोडीत न काढता वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा घालून चालू ठेवली. हा पैसा ब्राह्मण पंडितांपुरता होता, हे विसरता येत नाही. १८४९ साली लोकहितवादींसह पुण्यातील सुधारकांनी सरकारकडे अर्ज करून या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा अशी मागणी केली. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि दानाचे रूपांतर बक्षिसात झाले.

बक्षिसाची मर्यादाही लवकरच उघड झाली. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक याच कमिटीकडे पाठविले आणि कमिटीने ते नाकारले. ही हकीकत स्वतः फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त नमूद केली आहे. भोळ्या शेतकरी कुटुंबाला भिक्षुक कसा नागवतो हा नाटकाचा विषय, आणि परीक्षकांचे पद व प्रतिष्ठा त्याच व्यवस्थेशी बांधलेली. तेव्हा निकाल वेगळा लागला असता तरच नवल. हे नाटक छापील रूपात वाचकांपुढे येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. बक्षीस देणाऱ्या समितीला जे आधीच चांगले वाटते त्यालाच बक्षीस मिळते. आजही निबंधस्पर्धेच्या परीक्षकपदी बसणाऱ्या आपण प्राध्यापकांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर हे आरंभीच्या फेलोंपैकी होत. रानड्यांना कनिष्ठ फेलो म्हणून दरमहा ६० रुपये आणि ज्येष्ठ फेलो म्हणून १२० रुपये मिळत. १८६२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत बी.ए. झाले. म्हणजे पदवी हाती येण्यापूर्वीच हे साहाय्य सुरू झालेले होते. खालच्या वर्गांना काही तास शिकविणे एवढीच मोबदल्याची अट होती. कोणता ग्रंथ लिहावा आणि कोणत्या निष्कर्षाला यावे, हे फेलोला कोणी सांगितले नव्हते. अर्थात हे पाठबळ मिळे ते अगदी मूठभरांना, आणि ते कोणत्या समाजातून येत हे सांगण्याची गरज नाही.

पंचवीस रुपये दरमहा

पाठबळ पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत, तेही समाजाच्या तळाकडून आलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले की काय घडते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाचा भार घरच्यांना झेपेना, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांची सयाजीराव गायकवाड महाराजांशी भेट घडवून आणली. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिच्या बळावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १९१२ साली बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे त्यांचे विषय होते.

१९१३ साली महाराजांनीच त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी, असा करार झाला. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिव्यवस्थेची उत्पत्ती, रचना व विकास या विषयावरील निबंध वाचला. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले खरे, पण अस्पृश्यतेपायी राहायला जागासुद्धा मिळेना. काही दिवसांतच त्यांना परतावे लागले आणि करारातील दहा वर्षे कागदावरच राहिली. हिशेबनिसाच्या वहीत हा खर्च बुडीत खाती जमा झाला असता. ज्ञानाच्या वहीत त्याची नोंद कशी झाली, हे वाचक जाणतातच. दिलेल्या पैशाचे फळ देणाऱ्याने ठरविलेल्या जागी उगवेलच असे नसते. सयाजीरावांचे मोठेपण असे की ही जोखीम त्यांनी एका विद्यार्थ्यासाठी दोनदा घेतली.

हा अनुभव पुढे धोरणात उतरला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आग्रह धरला. १९४४ साली ती योजना सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींनाही लागू झाली. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठी फी-माफी आली. 'ई.बी.सी.' या तीन अक्षरांवर ग्रामीण महाराष्ट्राच्या दोन पिढ्या पदवीधर झाल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या योजनांनी विद्यार्थ्याला वर्गात आणून बसविले. परंतु वर्गाबाहेर जाऊन काही शोधण्यासाठी पैसा हा त्यांचा विषयच नव्हता. दुसरीकडे संशोधनाचा निधी पदवीच्या वरच्याच मजल्यावर राहिला. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभाग १९१९ साली पदव्युत्तर विभाग म्हणूनच जन्मास आला. १९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्या पीएच.डी.पासून पुढे सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु संशोधन प्रकल्प शिक्षकांसाठी होते. राज्यशास्त्राच्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला संशोधनाशी संबंधित काही मिळालेच, तर ते निवडणूक सर्वेक्षणातील प्रश्नावली भरून आणण्याचे मानधन. ते शिक्षण मोलाचे असते यात शंका नाही. मात्र प्रश्न दुसऱ्याचे असतात आणि ग्रंथावर नावही दुसऱ्याचे असते.

मद्रासचा एक जुना प्रयोग

पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून क्षेत्रीय अभ्यास होऊ शकत नाही, हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरला आहे. मद्रास विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ पासून आपल्या विद्यार्थ्यांना सुटीत स्वतःच्या गावी प्रश्नावली घेऊन पाठविले. त्या नोंदींतून १९१८ साली दक्षिण भारतातील काही खेड्यांवरचा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच गावांची पाहणी १९३० च्या दशकात आणि पुढे १९६० च्या दशकात पुन्हा करण्यात आली. अशी तुलना शक्य झाली याचे कारण आरंभीच्या नोंदी विद्यार्थ्यांनी करून ठेवल्या होत्या. विद्यार्थी स्वतःच्या गावी जात असल्याने निवासाचा खर्च नव्हता आणि ओळखीची अडचण नव्हती. आपल्या महाविद्यालयांसाठी याहून स्वस्त नमुना सापडणे कठीण.

दांडीचा विद्यार्थी

बोईसरच्या पश्चिमेला, उच्छेळी आणि नवापूरच्या शेजारी वसलेले दांडी हे मच्छीमारांचे गाव. मिठाच्या सत्याग्रहाची गुजरातमधील दांडी ती वेगळी. या दांडीला नावाखेरीज त्या कीर्तीचा वाटा नाही. परंतु राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला हवे असलेले विषय या गावाभोवती जितके दाटलेले आहेत, तितके क्वचितच कुठे असतील. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूर अणुऊर्जा केंद्र, तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी झालेले पोफरण व अक्करपट्टीचे विस्थापन, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापुढे २०१६ साली नेलेले आणि २०२२ साली निकाल लागलेले प्रकरण, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेले वाढवण बंदर आणि त्याला किनारपट्टीवरून झालेला विरोध. राज्यसंस्था, विकास, पुनर्वसन, न्यायालयीन हस्तक्षेप, समूहांचे संघटन, हे पाठ्यपुस्तकातील सारे प्रकरणमथळे येथे माणसांच्या रूपात भेटतात.

त्यांत एक विषय विशेष तातडीचा आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. काशिनाथ हरी पागधरे (सातपाटी), गोविंद गणेश ठाकूर (नांदगाव), रामचंद्र माधव चुरी (मुरबे), रामप्रसाद भीमाशंकर तेवारी (पालघर) आणि सुकुर गोविंद मोरे (सालवड) हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. ही गावे दांडीच्या आसपासचीच. तो मोर्चा या गावांत कसा संघटित झाला, कोळीवाडे आणि बागायतदार वस्त्या एकत्र कशा आल्या, याची तोंडी परंपरा घराघरांत आहे. आणि ज्यांनी ती प्रत्यक्षदर्शींकडून ऐकली, ती पिढीही आता वृद्ध झाली आहे.

आता खर्चाचा हिशेब मांडू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा जिल्ह्याचा कारभार ठाण्याहून चाले. मुंबई सरकारची जुनी दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात. बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर. दांडीहून बोईसर स्थानक गाठायचे, लोकल पकडायची, दिवसभर दप्तरे चाळायची, प्रतींचे पैसे भरायचे आणि रात्री परतायचे. अशा आठ-दहा फेऱ्या, वर वसाहतीतल्या कामाचे किंवा घरच्या मासळीच्या धंद्यातले बुडालेले दिवस. रक्कम काही हजारांच्या पलीकडे जात नाही. पण ती आधी लागते. योगायोग असा की हे पुराभिलेखागार दीर्घकाळ ज्या इमारतीत राहिले आहे, ती एल्फिन्स्टन कॉलेजची. पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर शिकले तीच.

कुलपतींच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेल्या 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवाने पदवीच्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र गट ठेवला, ही गोष्ट ऐतिहासिक महत्त्वाची आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याला संशोधक म्हणून व्यासपीठावर प्रथमच इतके अधिकृत स्थान मिळाले. मात्र तेथे राज्यशास्त्र मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांच्या एकाच गटात बसते आणि पोस्टर व काही मिनिटांचे सादरीकरण यांवर निवड होते. प्रयोगशाळेचा आलेख पोस्टरवर शोभतो. विस्थापितांच्या मुलाखतींचे तसे नाही. मुख्य म्हणजे 'आविष्कार' हे पारितोषिक आहे. पुराभिलेखागाराच्या फेऱ्या ज्याला परवडल्या, तोच तेथवर पोहोचतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही. क्षेत्र प्रकल्प हा पदवीच्या श्रेयांकांचा भाग झाला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. गुणांची ही अट घातल्याने चौथे वर्षसुद्धा बरेचसे पारितोषिकासारखेच झाले आहे, असे आमचे मत आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये नव्या रचनेत प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल. महाविद्यालय विकास समितीच्या अंदाजपत्रकात त्याआधी 'पदवी विद्यार्थी क्षेत्रकार्य : प्रवास व प्रती' अशी एक ओळ घालता येईल. विषयाची निवड विद्यार्थ्याकडे ठेवावी, रक्कम आगाऊ द्यावी, हिशेब तिकिटांवरून घ्यावा, आणि तयार झालेल्या मुलाखती व नोंदींची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी. सातपाटी, मुरबे, नांदगाव आणि सालवड येथील मुलाखतींना चौथ्या वर्षाची वाट पाहण्याचेही कारण नाही. दुसऱ्या वर्षाच्या क्षेत्र प्रकल्पातच त्या घेता येतील.